गर्दीत मुलाचा हात कोणाकडे?

वाचकहो, लहान मुलांना घेऊन गर्दीत जाणे ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, मिठाईचे ढीग आणि उंच फिरणारे पाळणे पाहायला गावेच्या गावे लोटतात. अंबरनाथला शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली बांधलेले शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत आपल्या आज्या-पणज्या कडेवर पोर घेऊन गेल्या आणि बहुतेक वेळा पोरासकट सुखरूप परतल्या.

आता जत्रेच्या जोडीला आणखी एक ठिकाण आले आहे. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, मानपाड्याजवळ टिकुजिनीवाडी नावाचे करमणुकीचे उद्यान आहे. खोपोलीजवळ २०१३ साली ‘इमॅजिका’ हे मोठे उद्यान सुरू झाले. मुरबाड-शहापूरच्या शाळांच्या सहली, कल्याण-डोंबिवलीची कुटुंबे, सुटीत मामाकडे आलेली भाचरे, सगळ्यांचे पाय अशा उद्यानांकडे वळतात. पाळणे, घसरगुंड्या, पाण्याचे हौद, चक्रात फिरणाऱ्या गाड्या! मुलांना तो स्वर्गच वाटतो. आईबापांना मात्र संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत धाकधूक असते.

ही धाकधूक कमी कशी करावी, याचाच विचार आज आपण करू. सांगायचे मुख्य सूत्र एकच आहे. गर्दी जितकी वाईट, त्याहून वाईट असतो तो क्षण, ज्या क्षणी आईला वाटते मूल बापाकडे आहे आणि बापाला वाटते ते आईकडे आहे. घरातली चार मोठी माणसे बरोबर असतात. प्रत्येकाचे लक्ष मुलावर आहे असे सगळ्यांना वाटते, आणि नेमके त्याच वेळी कोणाचेच नसते. म्हणून प्रत्येक लहान मुलामागे एक ठराविक हात हवा, आणि तो कोणाचा हे बोलून ठरवलेले हवे. बाकीच्या सगळ्या युक्त्या या एका गोष्टीला मदत करण्यासाठी आहेत.

बाबागाडी हवी का?

शहरातली पुष्कळ कुटुंबे आता मुलाला बाबागाडीत घालून नेतात. खेड्यातल्या वाचकांना ही चैन वाटेल. तेव्हा ही वस्तू आली कोठून ते थोडक्यात पाहू.

इंग्लंडात १७३३ च्या सुमारास विल्यम केंट नावाच्या कलावंताने एका सरदाराच्या मुलांसाठी एक छोटी गाडी बनवली. ती माणसाने ढकलायची नव्हती. तिला शेळी किंवा लहान तट्टू जुंपायचे! पुढे ढकलायच्या गाड्या आल्या, पण त्या जड आणि अवाढव्य होत्या. मग १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंग्रज इंजिनिअराने छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘स्पिटफायर’ विमानाची चाके आत-बाहेर घेणाऱ्या सांगाड्याच्या कामाचा त्याला अनुभव होता. मुलगी आपल्या बाळाला घेऊन विमानाने आली, तेव्हा जड गाडीपायी तिची झालेली त्रेधा त्याने पाहिली. विमानाची चाके जशी आवळून घेता येतात तशीच ही गाडीही मिटता येईल, असे त्याच्या मनात आले. अॅल्युमिनियमच्या नळ्यांची ती गाडी जेमतेम पावणेतीन किलो वजनाची होती. आज बाजारात दिसणाऱ्या हलक्या बाबागाड्या याच कल्पनेतून निघालेल्या आहेत.

आता आपल्याला ती हवी का? मूल वर्षा-दीड वर्षाचे असेल, उद्यानातले रस्ते फरशीचे असतील आणि मुक्काम दिवसभराचा असेल, तर गाडी खरोखर उपयोगी पडते. चार तासांनी मुलाचे पाय दमतात आणि मोठ्यांचे खांदे दुखू लागतात. दमलेले मूल रडते, आणि दमलेला माणूस बेसावध होतो. गाडीचा खरा फायदा हा, की ती हाताला विसावा देते. पण ती राखण करीत नाही. गाडीत मूल आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, असे मात्र समजू नका. गाडीच्या दांड्यावर हात कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

गाडी नसली म्हणून मुळीच बिघडत नाही. जुन्या लुगड्याची किंवा ओढणीची झोळी करून मूल छातीशी बांधून घेतले, तर दोन्ही हात मोकळे राहतात आणि जिना चढता येतो. झोळी बांधताना तीन गोष्टी पाहाव्यात. मुलाचे तोंड आपल्याला दिसले पाहिजे, नाकावर कापड येता कामा नये आणि त्याची हनुवटी छातीत रुतलेली नसावी. ज्याची मान अजून धरलेली नाही अशा तान्ह्याला बसक्या गाडीत घालू नये. त्याला सपाट झोपवता येईल अशीच गाडी लागते. खरे म्हणजे एवढ्या लहानग्याला अशा दिवसभराच्या सहलीला नेऊच नये हे उत्तम.

गाडी विकत किंवा उसनी घेणार असाल, तर एका हाताने मिटेल आणि एका हाताने उचलेल अशी घ्या. पट्टे शाबूत आहेत ना, चाकाची खीळ घट्ट बसते ना, हे घरीच पाहा. दांड्याला भरलेल्या पिशव्या टांगण्याची पुष्कळांना सवय असते. मूल बसले आहे तोवर तोल राहतो. मुलाला उचलले की गाडी मागे उलटते. उलट, पिशव्यांचा भार फार झाला तर मूल बसलेले असतानाही ती उलटते. म्हणून ओझे गाडीखालच्या जाळीत ठेवावे किंवा पाठीवर घ्यावे.

मोठ्या गाडीचा मोह तर धरूच नये. अमेरिकेतले डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले. तिथले रस्ते ऐसपैस असतात. तरीसुद्धा गाड्यांची दाटी इतकी होऊ लागली, की १ मे २०१९ पासून तिथे ३१ इंचांहून रुंद आणि ५२ इंचांहून लांब बाबागाड्यांना मनाई झाली. त्यांची ही कथा, मग आपल्या कल्याण-ठाण्याच्या फलाटांवर काय होईल ते तुम्हीच सांगा!

कल्याणहून ठाण्याला

ठाणे आणि आगगाडी यांचे नाते जुने आहे. देशातली पहिली उतारूंची गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली, आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. आज कसारा आणि कर्जत या दोन्ही बाजूंचे उतारू कल्याणला एकत्र येतात, म्हणून तिथून पुढच्या गाड्यांत किती रेटारेटी असते ते सांगायला नको. सहलीतला खरा धोका पुष्कळदा उद्यानात नसतो, तो या वाटेवरच असतो.

पहिली गोष्ट वेळेची. सकाळी कचेरीला जाणाऱ्यांचा लोंढा मुंबईकडे असतो आणि संध्याकाळी तो कल्याणकडे परततो. आपला प्रवास नेमका त्याच दिशेचा. तेव्हा कामाच्या दिवशी जाणार असाल तर लोंढा ओसरल्यावर निघा आणि संध्याकाळचा लोंढा सुरू होण्याआधी परता. रविवारी गर्दी कमी असते खरी, पण रुळांच्या दुरुस्तीसाठी त्या दिवशी पुष्कळदा ‘मेगाब्लॉक’ असतो. गाड्या कमी होतात आणि आहेत त्या खच्चून भरतात. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात पाहून घ्यावे. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही. पण तिकीट नाही म्हणून मोजणीतून त्याला वगळू नका!

दुसरी गोष्ट गाडीत चढण्याची. कल्याणहून किंवा डोंबिवलीहून सुटणारी गाडी मिळाली तर तीच धरा, कारण ती थोडी जास्त वेळ उभी असते. बाबागाडी फलाटावर येतानाच मिटवा आणि मूल कडेवर घ्या. उघडी गाडी घेऊन डब्यात चढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. फलाट आणि डबा यांच्यामधल्या फटीत तिचे चाक अडकते. मधल्या स्थानकांवर गाडी अगदी थोडा वेळ थांबते. एकाने मूल सांभाळायचे, दुसऱ्याने गाडी आणि सामान. मूल ज्याच्याकडे आहे त्याच्या दुसऱ्या हातात काहीही नको.

आई बायकांच्या डब्यात आणि बाप दुसऱ्या डब्यात, असा प्रकार नेहमी होतो. त्या वेळी मोठ्याने बोलून वाटणी करा. “बंडू माझ्याबरोबर, ताई तुमच्याबरोबर.” हे वाक्य उच्चारायला दोन सेकंद लागतात. ते न उच्चारल्यामुळे मूल फलाटावर राहून गेल्याचे प्रसंग घडतात. डोंबिवलीहून धिमी गाडी पकडलीत तर कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा आणि मग ठाणे, अशी स्थानके मुलांकडून पाठ करून घ्या. त्यांना गंमत वाटते, आणि कळवा गेले की उतरायची तयारी करायची हे त्यांनाच कळते. ठाण्याला फलाट कोणत्या बाजूला येणार ते शेजारच्या उतारूला आधीच विचारून ठेवावे.

तिसरी गोष्ट फलाटाची. फलाट डोळ्यांना सपाट दिसतो, पण पाणी साचू नये म्हणून त्याला थोडा उतार ठेवलेला असतो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरातल्या अॅशबर्टन स्थानकावर ऑक्टोबर २००९ मध्ये एका आईने बाबागाडीवरचा हात क्षणभर काढला. गाडी आपोआप घरंगळली आणि समोरून येणाऱ्या आगगाडीपुढे रुळांवर पडली. आतले सहा महिन्यांचे बाळ दैव बलवत्तर म्हणून किरकोळ दुखापतीवर वाचले. ती आई काही निष्काळजी नव्हती. तिने हात फक्त एक क्षण सोडला होता. म्हणून फलाटावर गाडी उघडी ठेवावीच लागली तर ती रुळांना समांतर उभी करा, चाकाची खीळ लावा आणि तरीही हात सोडू नका.

चौथी गोष्ट पुलाची. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर पावसामुळे लोक थबकले, मागून लोंढा येत राहिला आणि चेंगराचेंगरीत २३ माणसे दगावली. त्या स्थानकाला आता प्रभादेवी म्हणतात. त्यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. गाडीतून उतरल्याबरोबर जिन्याकडे धावू नये. फलाटावर खांबाच्या किंवा बाकाच्या आडोशाला पाच मिनिटे उभे राहावे. लोंढा ओसरतो आणि जिना रिकामा होतो. लिफ्ट असेल तर ती वापरा. सरकत्या जिन्यावर बाबागाडी उघडी नेऊ नका. चाक सटकले तर खालच्या दहा माणसांवर ती जाते. मुलाचे बूट आणि झग्याची झालरही त्या जिन्याच्या कडेपासून दूर ठेवा.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून घोडबंदर रस्त्याने महापालिकेच्या बसगाड्या आणि रिक्षा जातात. रिक्षात मूल कडेला बसवू नये, दोघा मोठ्यांच्या मध्ये बसवावे.

उद्यानात शिरल्यावर

फाटकातून आत गेल्यावर मुले ओढाळ वासरांसारखी पाळण्यांकडे धाव घेतात. त्यांना दहा मिनिटे थोपवा आणि तीन ठिकाणे आधी पाहून घ्या. पिण्याचे पाणी कोठे, मोरी कोठे आणि चौकशीची कचेरी कोठे. मग एखादी मोठी, दुरून दिसणारी खूण निवडा. “चुकामूक झाली तर इथे भेटायचे” असे सगळ्यांना दाखवून द्या. सांगणे पुरेसे नाही, तिथे नेऊन दाखवा. पाच वर्षांच्या मुलाला पत्ता समजत नाही, पण “हत्तीजवळ” म्हटलेले समजते.

पाळण्यांपाशी उंची मोजायची पट्टी असते. “दोन बोटेच कमी आहे, बसू द्या की” असा हट्ट आईबापच धरतात. तो धरू नये. पाळण्यात मांडीवर जो लोखंडी दांडा किंवा पट्टा येतो, तो ठराविक आकाराच्या शरीरासाठी बसवलेला असतो. लहान मूल त्याच्याखालून निसटते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते, म्हणून जोराचा हिसका त्याला सोसत नाही. तेव्हा ती पट्टी मुलाच्या जिवासाठी आहे. ती कोणाच्या अपमानासाठी नाही.

फिरत्या पाळण्यात मोठ्याबरोबर लहान बसत असेल तर मोठ्याने बाहेरच्या बाजूला बसावे. असे का? माळशेज घाटात एस.टी. वळण घेते तेव्हा आपण बाहेरच्या बाजूला कलंडतो, ते आठवा. पाळणाही गोल फिरताना बसलेल्यांना बाहेर रेटतो. लहान बाहेरच्या बाजूला असेल तर मोठ्याचे सगळे वजन त्याच्या अंगावर येते.

मग मोठ्यांनी मजा करायचीच नाही का? जरूर करावी, पण आळीपाळीने. एकजण पाळण्यात, दुसरा मुलाजवळ. परदेशातल्या काही उद्यानांत तर अशी सोयच असते, की आई पाळण्यातून उतरली की बापाला पुन्हा रांग न लावता बसता येते. आपल्याकडे फाटकावरच्या माणसाला नम्रपणे विचारून पाहायला हरकत नाही. अदलाबदल करताना मात्र “आता बंडू तुझ्याकडे” हे तोंडाने म्हणायचे, आणि दुसऱ्याने “हो, माझ्याकडे” असे उत्तर द्यायचे. दोन बैलगाडीवाल्यांनी कासरा एकमेकांच्या हातात द्यावा तसे हे आहे. दुसऱ्याने धरल्याशिवाय पहिल्याने सोडायचा नाही.

बाबागाडी पाळण्यापाशी ठेवून जावे लागते. तिच्यात पैसे, भ्रमणध्वनी, दागिने ठेवू नका. ओळखीसाठी दांड्याला एक रंगीत चिंधी बांधा, कारण सगळ्या गाड्या सारख्याच दिसतात. आणि त्यात झोपलेले मूल ठेवून “पाच मिनिटांत येतो” म्हणून कधीही जाऊ नका.

ऊन आणि पाणी

ठाण्याची हवा खाडीची, दमट. घाम येतो पण सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि त्याला ते सांगता येत नाही. मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात बारा ते चार ही वेळ सावलीत काढावी. सहलीला डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

ऊन लागू नये म्हणून पुष्कळ आया बाबागाडी दुपट्याने चहूकडून झाकून टाकतात. हेतू चांगला, पण परिणाम उलटा होतो. आत वारा खेळत नाही आणि बंद खोलीसारखी ऊब साठते. मूल दिसतही नाही. झाकायचेच तर पातळ, ओले करून पिळलेले कापड टाकावे, एक बाजू मोकळी ठेवावी आणि दर थोड्या वेळाने मुलाच्या मानेला हात लावून पाहावे. त्याहून चांगले म्हणजे गाडी झाडाखाली नेणे.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला अंगावरचे दूध वारंवार द्यावे, पाणी नको. मोठ्या मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी द्या. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी पाजत राहावे. मूल मलूल झाले, अंग तापून कोरडे पडले किंवा ते हाकेला नीट ओ देईना, तर त्याला सावलीत घ्या, ओल्या फडक्याने अंग पुसा आणि ताबडतोब दवाखाना गाठा.

पाण्याच्या हौदाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवा. बुडणारे लहान मूल ओरडत नाही. ते आवाज न करता पाण्याखाली जाते, आणि त्याला वीतभर पाणीही पुरते. म्हणून लहान मुलाबरोबरचा माणूस काठावर नको, पाण्यात हवा, आणि तोही हात पोहोचेल इतक्या अंतरावर. पाण्यात असताना भ्रमणध्वनीकडे पाहणे साफ बंद. हौदावर पहारेकरी असला तरी त्याला शेकडो मुले पाहायची असतात. तुम्हाला एकच पाहायचे आहे.

मूल चुकलेच तर

कितीही काळजी घेतली तरी मूल चुकू शकते. तयारी सकाळी घरीच करावी. निघताना मुलाचे त्याच दिवशीच्या कपड्यांतले छायाचित्र भ्रमणध्वनीवर काढून ठेवा. घाबरल्यावर शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. मुलाच्या दंडावर बाहीखाली किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूला आपला दूरध्वनी क्रमांक लिहा. नाव मात्र छातीवर ठळक लिहू नका. कोणीही अनोळखी माणूस नावाने हाक मारतो आणि मुलाला तो ओळखीचा वाटतो. आईचे पूर्ण नाव, बापाचे पूर्ण नाव आणि गावाचे नाव मुलाला म्हणता आले पाहिजे. “आईचे नाव काय?” “आई!” हे उत्तर पोलिसांच्या काही उपयोगाचे नाही. क्रमांक पाढ्यांसारखा चालीवर म्हणून घेतला की चार वर्षांचे मूलही तो पाठ करते.

मुलाला शिकवायचे वाक्य हे: “चुकलास तर जिथे आहेस तिथेच उभा राहा आणि मोठ्याने हाक मार. मदत मागायची तर गणवेशातल्या माणसाकडे किंवा लेकुरवाळ्या बाईकडे माग. कोणाबरोबर फाटकाबाहेर जाऊ नकोस.”

मूल दिसेनासे झाले तर एकाने जागेवरच थांबावे, कारण मूल बहुधा तिथेच परतायला पाहते. दुसऱ्याने सर्वांत आधी पाण्याच्या हौदाकडे धावावे. बाकी ठिकाणी मिळालेला वेळ भरून काढता येतो, पाण्यापाशी तो येत नाही. तिसऱ्याने फाटकावर आणि कचेरीत सांगावे. लाजू नका. मुलाचे वय आणि कपड्यांचा रंग मोठ्याने सांगत राहा, म्हणजे आजूबाजूचे लोकही शोधू लागतात. मूल सापडले की पहिल्यांदा पोटाशी धरा, मारू नका. चुकल्याबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी ते हाक मारायलाच भिईल.

आणि दुसऱ्याचे चुकलेले मूल तुम्हाला सापडले तर? दयेपोटी त्याला घरी नेऊ नका. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल सापडल्याची खबर २४ तासांच्या आत देणे आपल्यावर बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, ११२ हा पोलिसांचा, आणि रेल्वेत १३९. १०९८ आणि ११२ या क्रमांकांना पैसे पडत नाहीत. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ साली चुकलेल्यामाकलेल्यांसाठी छावणी उघडली आणि पुढे कित्येक दशके हजारो माणसे घरच्यांना परत मिळवून दिली. अशी सोय प्रत्येक जत्रेत असावी. आपल्या गावच्या यात्रेत ध्वनिक्षेपकाजवळ एक चटई, एक पाण्याचा माठ आणि एक विश्वासू बाई बसवली, तरी ते काम सुरू होते. ग्रामपंचायतीने मनावर घ्यावे.

शिक्षकांसाठी

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमची जबाबदारी आईबापांपेक्षाही अवघड आहे, कारण तुमच्याकडे हात दोन आणि मुले चाळीस. तेव्हा हात वाढवावे लागतात. पहिली-दुसरीच्या सहा ते आठ मुलांमागे एक मोठे माणूस असावे. शिक्षक कमी पडले तर चार समंजस पालक बरोबर घ्या. प्रत्येकाच्या हाती त्याच्या मुलांची नावे लिहिलेला कागद द्या. यादीची एक प्रत शाळेत ठेवा. पालकांची लेखी संमती आणि मुलांच्या आजारांची माहिती आधी घ्या. फिट येणारे, दमा असलेले मूल कोणते हे गावात सगळ्यांना ठाऊक असते, पण नेमके बरोबर गेलेल्या शिक्षकाला ठाऊक नसते.

मुलांच्या जोड्या लावा आणि प्रत्येकाला अंक द्या. बसमध्ये चढल्यावर, उतरल्यावर, फाटकात, जेवणाआधी आणि निघताना मुलांनी आपापला अंक ओळीने ओरडायचा. सतरानंतर अठरा आला नाही की लगेच कळते. डोकी मोजण्यापेक्षा हे चांगले, कारण डोकी मोजताना मुले हलतात. याचा सराव शाळेच्या पटांगणात आठवडाभर करावा. मुलांना तो खेळच वाटतो. रस्त्याने जाताना एक शिक्षक पुढे आणि एक अगदी शेवटी. शेवटच्याने कोणालाही आपल्या मागे राहू द्यायचे नाही.

जे मूल फार चालू शकत नाही, त्याला “तू घरी राहा” म्हणू नका. चाकाची खुर्ची किंवा मोठी बाबागाडी मिळते का ते उद्यानात दूरध्वनी करून आधी विचारा आणि त्या मुलाच्या चालीने कार्यक्रम आखा. सहलीचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलाने ठरवावा. दोन पाळणे कमी झाले तरी चालतील.

असे सगळे ऐकले की कोणी म्हणेल, एवढी कटकट असेल तर जाऊच नये. छे! मुलांनी जत्रा पाहावी, पाळण्यात बसावे, आगगाडीच्या खिडकीतून कळव्याची खाडी पाहावी. त्यांच्या आठवणीत पाळणा राहील. तो आठवणीत आनंदाने राहावा, एवढीच आपली काळजी. पुढच्या रविवारी निघालात तर उंबरा ओलांडण्याआधी घरात एकदाच विचारा: “धाकट्याचा हात कोणाकडे?” कोणीतरी “माझ्याकडे” म्हणाले, की मगच दाराला कडी लावा.